मॅथलिबमध्ये नवं प्रमेय कुठे ठेवायचं? या चुका टाळा

लीनमध्ये (सिद्धता तपासणारी प्रोग्रामिंग भाषा) सिद्धता पूर्ण झाली, एकही एरर नाही, म्हणून खुशीत मॅथलिबला, म्हणजे लीनच्या सामायिक गणित-लायब्ररीला, पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) टाकली. आणि तपासणाऱ्याचा पहिलाच प्रश्न: हे इथे का? मॅथलिबमध्ये नव्याने आलेल्या कितीतरी जणांचं घोंगडं इथेच भिजत पडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जिथे गरज पडली तिथेच लेमा (छोटं साहाय्यक विधान) ठेवून देणं. समजा, संभाव्यतेच्या फाइलमध्ये काम करताना सान्त बेरजेबद्दल एक छोटं विधान लागलं आणि तुम्ही ते मुख्य प्रमेयाच्या वरच लिहून मोकळे झालात. उद्या बीजगणितवाल्याला तेच हवं झालं, तर त्याला ही फाइल इंपोर्ट करावी लागेल, आणि तिच्यामागून मेझर थिअरी, टोपॉलॉजी असं सगळं वऱ्हाड येईल. तो कशाला ते ओढवून घेईल? वेगळ्या नावाने तेच विधान पुन्हा लिहील. त्या विधानाची खरी जागा ‘अल्जिब्रा’खालच्या ‘बिगऑपरेटर्स’ फोल्डरमध्ये. विधान कशासाठी लागलं ते विसरा, त्याला स्वतःला काय लागतं ते पाहा.

त्याआधी गृहीतकं सैल करून बघा. वास्तव संख्यांसाठी लिहिलेली असमानता पुष्कळदा कुठल्याही क्रमित क्षेत्रात चालते. मग तिला ‘रिअल’मध्ये का डांबायचं? (सैल केल्यावर अनेकदा असंही कळतं की हे विधान मॅथलिबमध्ये आधीपासून आहेच. लूगल या मॅथलिबच्या शोधयंत्रावर आधी शोधलेलं बरं.)

जागा सुचवायला ‘#फाइंड_होम’ ही आज्ञा आहे. ती सिद्धतेत वापरलेली विधानं कुठल्या फाइलींत आहेत ते पाहते आणि ती सगळी जिथे हाती येतात अशी, शक्य तितकी पायाजवळची फाइल शोधते. कधी ती तुमच्याच फाइलचं नाव परत देते. तुमच्या फाइलमध्ये दोनच इंपोर्ट असतील आणि सिद्धतेत दोन्हींतलं एकेक विधान असेल, तर दुसरं उत्तर येणार तरी कुठून? संपूर्ण मॅथलिब इंपोर्ट करून पुन्हा चालवा. तरीही फार वरची, पायापासून दूरची फाइल आली, तर सिद्धता तपासा: ‘सिम्प’ने (आपोआप सरळरूप देणारी आज्ञा) परस्पर एखादं लांबचं विधान उचललेलं असू शकतं.

उलट टोकही वाईटच. विधान पायाशी न्यायच्या नादात पायाच्या फाइलमध्ये नवा इंपोर्ट घालू नका. तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या फाइली पुन्हा बिल्ड होतात. काही फाइलींत ‘असर्ट_नॉट_एग्झिस्ट्स’ ही ओळ असते. अमुक व्याख्या इथवर पोचता कामा नये, असा पहाराच तो. एरर आली म्हणून ती ओळ खोडणारे मी पाहिलेत. विधान एक पायरी वर न्या, ओळीला हात लावू नका.

फाइल 1500 ओळींच्या पुढे गेली की लिंटर (लेखनाचे नियम तपासणारं साधन) कुरकुरतो. तेव्हा उरलंसुरलं ‘मिसलेनियस’मध्ये कोंबू नका, ज्यांना जास्तीचे इंपोर्ट लागतात ती विधानं वेगळी काढा. पण हलवाहलव एका पुल रिक्वेस्टमध्ये आणि नवं गणित दुसरीत, नाहीतर डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत) काय बदललं ते कुणालाच दिसत नाही.

आणि ऑलिंपियाडचं उदाहरण सोडवलं असेल, ज्यावर पुढे काहीच उभं राहणार नाही, तर ही सगळी शोधाशोध नकोच. त्याच्यासाठी ‘आर्काइव्ह’ हा वेगळा फोल्डर आहे.