पासष्ट-पासष्टची टेस्ट: नाशिकच्या लॅबमध्ये पॅनल जाळण्याआधी काय काय बघायचं

अंबड, सातपूरकडची बरीच पोरं आता विमानाच्या आतल्या कंपोझिट पॅनलच्या कामात शिरलीयेत, आणि हीट रिलीज टेस्टला (पॅनल जळताना किती उष्णता सोडतं ते मोजणारी) सॅम्पल घेऊन आली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, पास होईल का. मला त्याआधी एवढंच सांगायचंय की पॅनल पेटायच्या आधी तुम्ही जे करता त्यावर निम्मा निकाल ठरलेला असतो, म्हणून इथे जळणाऱ्या पाच मिनिटांपेक्षा त्याच्या आधीच्या दोन दिवसांबद्दल जास्त लिहितोय.

ही टेस्ट आली कुठून ते थोडक्यात. २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला एक बोईंग ७३७ टेकऑफ घेताना पेटलं, विमान जमिनीवरच होतं, तरी ५५ माणसं गेली आणि त्यातली बहुतेक धुरानं गेली. त्याच सुमारास अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेनं अटलांटिक सिटीला जुन्या सी-१३३ विमानाच्या सांगाड्यात खरीखुरी आग लावून बघितली होती. तिथे दिसलं की छताचे, भिंतीचे पॅनल तापून वायू सोडतात, तो वर साचतो आणि एका क्षणी सगळी केबिन एकदम पेट घेते, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर आत कुणी वाचत नाही. त्यामुळे नुसतं "पेटतं का" विचारून भागत नाही, "पेटल्यावर किती उष्णता किती वेगानं सोडतं" हे मोजावं लागतं. १९८६ ला नियम आला, १९८८ पासून मर्यादा १००/१०० होती, २० ऑगस्ट १९९० पासून ती ६५/६५ झाली. पहिला ६५ म्हणजे पाच मिनिटांत उष्णता सुटण्याचा सगळ्यात मोठा वेग, म्हणजे पीक, किलोवॅट प्रति चौरस मीटरमध्ये, आणि दुसरा ६५ म्हणजे पहिल्या दोन मिनिटांतली एकूण उष्णता, किलोवॅट-मिनिट प्रति चौरस मीटरमध्ये. वीस किंवा जास्त सीटच्या प्रवासी विमानातले छत, भिंती, पार्टिशन, गॅली, मोठी कपाटं यात येतात. सीटच्या गादीची टेस्ट वेगळी, तिच्यात ऑइल बर्नर असतो, ती यात मिसळू नका.

आता सॅम्पल. १५० बाय १५० मिलिमीटर, कमीत कमी तीन, आणि निकाल सरासरीवर. जाडी विमानात असेल तीच. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. पॅनल म्हणजे नुसतं नोमेक्स हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा) आणि फिनोलिक प्रीप्रेग (रेझिन मुरवलेलं कापड) नाही, त्यावरची डेकोरेटिव्ह फिल्म, तिच्याखालचा गोंद, प्रायमर, खड्डे भरायची पुटी, हे सगळं त्यात आलं. माझ्याकडे एकदा तीन सॅम्पल आले, दोघांचा पीक पन्नाशीच्या आत आणि तिसरा थेट ७१. आम्ही आधी मशीनवरच शंका घेतली. मग उरलेला तुकडा कापून भिंगाखाली धरला, तर कडेला बोटभर जागेत पुटीचा थर दुसऱ्या ठिकाणापेक्षा तिप्पट जाड होता, कुणीतरी खड्डा भरून सँडपेपर मारून वरून फिल्म लावली होती. इपॉक्सीची पुटी जळते बरं का, चांगलीच जळते. त्यामुळे सॅम्पल हातात आलं की आधी चारही कडा बघा, वजन करा, तिन्हींच्या वजनात फरक दिसला तर जाळायच्या आधीच विचारा की हा फरक कशाचा, नंतर विचारून काही उपयोग नसतो कारण पुरावा जळून गेलेला असतो.

मग कंडिशनिंग. २१ डिग्री, ५० टक्के आर्द्रता, कमीत कमी २४ तास. पुस्तकात ही एक ओळ आहे, पण आपल्या नाशकात ती ओळ पाळणं म्हणजे वर्षभराचं काम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर येतो तेव्हा खोलीतली हवा ओलीचिंब असते, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी बातम्यांत येते तेव्हा रात्री लॅब गार पडते. नोमेक्स हे अरामिड, म्हणजे एक कृत्रिम तंतू आहे, ते पाणी धरतं, फिनोलिकही धरतं. ओलं सॅम्पल जाळलं की थोडी उष्णता पाणी उडवण्यातच जाते, पीक उशिरा येतो आणि कमी दिसू शकतो, म्हणजे खोटा पास. म्हणून एसी लावून ठेवलेल्या खोलीवर विसंबू नका, कॅबिनेट वापरा, रेकॉर्डर चालू ठेवा, लाइट गेली होती का ते सकाळी ग्राफवर बघा आणि गेली असेल तर २४ तास परत मोजा. सॅम्पल बाहेर काढलं की लगेच टेस्टला घ्या, चहाला जायचं असेल तर आधी जाऊन या.

आता मशीन. त्याला ओएसयू म्हणतात, म्हणजे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी, तिथून हे यंत्र आलं. आत चार ग्लोबार (विजेवर तापणाऱ्या कांड्या) तापलेले असतात, ते सॅम्पलच्या तोंडावर ३.५ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर इतका उष्णतेचा मारा करतात, सेकंदाला ४० लिटर हवा आत जाते, त्यातला साधारण पाव हिस्सा सॅम्पलवरून आणि बाकीचा बाजूच्या पोकळीतून, आणि वर चिमणीत थर्मोपाइल बसलेलं असतं, पाच जंक्शन गरम बाजूला, पाच थंड. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक ते मिलिव्होल्टमध्ये देतं. त्या मिलिव्होल्टचे किलोवॅट करायला कॅलिब्रेशन लागतं, आणि खरी मेख इथे आहे.

कॅलिब्रेशन मिथेनवर होतं, शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर. खालच्या पायलटच्या (सॅम्पल पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीच्या) जागी कॅलिब्रेशन बर्नर लावायचा आणि गॅस मिनिटाला १ लिटरवरून ४, परत १, मग ६, परत १, मग ८, आणि तसंच उतरत यायचं, प्रत्येक टप्प्यावर दोन मिनिटं. येणाऱ्या फॅक्टरमधला (मिलिव्होल्टला ज्यानं गुणायचं त्या आकड्यातला) फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर पुन्हा पहिल्यापासून. फॉर्म्युल्यात हवेचा दाब येतो आणि गॅस मोजणाऱ्या वेट मीटरमधल्या पाण्याची वाफ वजा होते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर आहे, आपल्याकडे दाब पाऱ्याच्या ७०० ते ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो, ७६० नाही! मी नवीन असताना एका लॅबमध्ये मोबाईलच्या हवामान ॲपवरचा दाब भरायची पद्धत होती. ॲप १०१२ हेक्टोपास्कल दाखवायचं, म्हणजे पाऱ्याचे जवळजवळ ७६० मिलिमीटर, आणि ते आम्ही डोळे झाकून भरत होतो. ॲपवरचा आकडा समुद्रसपाटीला नेऊन दाखवलेला असतो हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. परिणाम काय, तर फॅक्टर सात टक्क्यांहून जास्त फुगायचा, खरं ६१ असलेलं पॅनल ६५ च्या वर दिसायचं आणि चांगला माल परत जायचा. तेव्हा खोलीत स्वतःचा बॅरोमीटर हवाच, आणि वेट मीटरच्या पाण्याचं तापमानही रोज लिहा.

उलट्या बाजूची चूक जास्त घातक. थर्मोपाइलवर काजळी बसली की रीडिंग कमी येतं, आणि जुन्या फॅक्टरनं तुम्ही गुणलंत तर नापास पॅनल पास होऊन एखाद्या विमानात जाऊन बसतं. म्हणून मऊ ब्रशनं जंक्शन साफ करा, हलक्या हातानं, वाकवू नका, आणि कॅलिब्रेशन त्यानंतरच करा, आधी नाही.

एवढं झालं की टेस्ट सोपी आहे. ग्लोबारला तास-दीड तास स्थिर होऊ द्या, कॅलोरीमीटरनं मधला आणि चारही कोपऱ्यांचा मारा तपासा. सॅम्पलला पुढचं तोंड सोडून बाकी सगळीकडून पातळ ॲल्युमिनियम फॉइल, नीट दाबून, होल्डरवर पुढे दोन बारीक स्टीलच्या तारा म्हणजे फुगून पुढे येणार नाही, वितळणारा माल असेल तर खाली ड्रिप पॅन. होल्ड चेंबरमध्ये साधारण मिनिटभर थांबवा, त्यात बेसलाइन मिळते, मग दार उघडून एका झटक्यात आत, तीन सेकंदांच्या आत. त्यानंतर पाच मिनिटं नजर पायलटवर ठेवा, स्क्रीनवर नाही, ग्राफ कुठे पळत नाही. पायलट विझली तर ते लिहा आणि ते सॅम्पल मोजू नका.

डेकोरेटिव्ह फिल्ममध्ये बऱ्याचदा फ्लोरिन असतं, जळताना त्याचा हायड्रोजन फ्लोराइड होतो, तो फुफ्फुसाला फार वाईट. एक्झॉस्ट चालू नसेल तर टेस्ट नाही, साहेब कितीही घाईत असू देत. शेवटचं सॅम्पल झालं की आधी मिथेन सिलेंडरवरच बंद करा, लाइनमधला गॅस जळू द्या, मग ग्लोबार हळूहळू उतरवा, आणि हवा मात्र चेंबर थंड होईपर्यंत चालूच ठेवा.