घोड्यावर बसायची भीती वाटते? मग आधी थांबवायला आणि उतरायला शिका

वारीतलं रिंगण बघून नाहीतर अकलूजच्या घोडेबाजारात चक्कर मारून आलं की आपल्या सोलापूरकडं बऱ्याच जणांच्या डोक्यात रायडिंग शिकायचं बसतं, आणि पहिल्याच दिवशी घोडा नुसता फुरफुरला तरी पोटात गोळा येतो. "घाबरालायस कशाला, बस की" असं म्हणून कुणाची भीती जात नसते. आपल्याला हवं तेव्हा घोडा थांबतोय आणि आपण नीट उतरतोय हे कळलं की निम्मी भीती तिथंच जाते.

सुरुवात खालूनच करा. घोड्याला अगदी पाठीमागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जवळ जायचं. मान आणि पाठ खराऱ्यानं, म्हणजे घोडा घासायच्या ब्रशनं, घासायची. कान पुढं असतील तर लक्ष समोर आहे, मागं चिकटवले तर साहेब चिडलेत, लांब व्हा. मारवाडी घोड्याच्या कानाची टोकं आत वळलेली असतात पण भाषा तीच.

हेल्मेट पाहिजेच, क्रिकेटचं किंवा गाडीचं नको, रायडिंगचंच. छोटी टाच असलेला बूट घाला म्हणजे पाय रिकिबीतून (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जाऊन अडकत नाही. चप्पल घालून बसणाऱ्यांना काय बोलावं.

आता उभ्या घोड्यावर बसा आणि लगेच उतरा. दोन्ही पाय रिकिबीतून काढायचे, पुढं वाकायचं, उजवा पाय मागून फिरवून खाली. कंटाळा येईपर्यंत हेच करा. मग कुणीतरी दोरी धरून घोडा चालवू दे आणि तुम्ही फक्त थांबवायचा सराव करा: ताठ, खोल बसा, श्वास सोडा, लगाम हळू मागं घ्या, थांबला की लगेच सैल सोडा. सैल सोडणं हेच त्याचं बक्षीस, ते विसरलात तर पुढच्या वेळी तो ऐकणार नाही.

भ्यायलं की माणूस पुढं वाकतो, गुडघे आवळतो, श्वास धरतो, वर लगामही ताणतो. पायानं सांगतोय पळ आणि हातानं सांगतोय थांब, मग घोड्यानं करायचं काय? म्हणून टाच खाली, नजर लांब, आणि मोठ्यानं बोलत राहा, पाढे म्हणा, आरती म्हणा, काहीही चालतं. तोंड चालू असलं की श्वास अडकत नाही.

दुडकी चाल (हळू पळणं) त्यानंतरच, तीसुद्धा सरावाच्या बंदिस्त रिंगणात, सुरुवातीला आयाळ धरून. हादरे बसतातच. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी लवकरच जा, तापलेला दमलेला घोडा कुणालाच नको. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत दारूकाम चालू असताना सोलापुरातल्या होम मैदानाच्या आसपास शिकाऊ माणसानं घोडा नेऊच नये.

पडलात आणि डोक्याला मार बसला तर आधी डॉक्टर, हेल्मेटही नवीन घ्या. नसेल लागलं तर लगेच पळवून दाखवायची गरज नाही, एक पायरी मागं या, नुसतं चालवा, थांबवा, उतरा. शिकवणारा पहिल्याच दिवशी "सोड लगाम, पळव" म्हणाला तर सरळ दुसरा शोधा.