उतरत्या छताखालचं मेम्ब्रेन: रोल दहा चौरस मीटरचा, झाकतो किती?

सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन कोल्हापुरात एखाद्या ठेकेदाराकडे एस्टिमेट करायला बसलात, की स्लॅब-स्टीलचा हिशेब लवकरच जमतो. तो शिकवायला सगळे तयार असतात. कौलांखाली किंवा शिंगल्सखाली (छतावरच्या पातळ चपट्या तुकड्यांखाली) पाणी अडवायला अंथरतात त्या मेम्ब्रेनचं काम आलं, की मात्र "क्षेत्रफळ काढ, दहा टक्के वेस्टेज धर" एवढं सांगून साहेब साइटवर निघून जातात. या दहा टक्क्यांवर माझा जुना राग आहे.

पाखीचं, म्हणजे छताच्या एका उतरत्या बाजूचं, क्षेत्रफळ प्लॅनवरून जसंच्या तसं उचलायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. 30 अंशांच्या उताराला प्लॅनचं क्षेत्रफळ गुणिले 1.155. छत आधीच बांधून झालं असेल तर आढ्यापासून वळचणीपर्यंत सरळ टेप लावा, अंशांची भानगडच नको.

मला ज्यानं गाठलं ते म्हणजे लॅप, एक पट्टा दुसऱ्यावर चढतो तो भाग. समजा रोल 1 मीटर रुंद, 10 मीटर लांब आहे. दुकानदार दहा चौरस मीटर म्हणतो, ते खोटं नाही. पण वरचा पट्टा खालच्यावर 100 मिलिमीटर चढतो आणि टोकाला टोक जुळतं तिथे 150. म्हणजे रोल प्रत्यक्षात 0.9 गुणिले 9.85, साधारण 8.87 चौरस मीटर झाकतो. लॅपनेच अकरा टक्क्यांच्या वर खाल्ले, वेस्टेज अजून सुरूही झालेलं नाही!

आता वळचणीसकट 12 बाय 9 मीटरचं घर घ्या, दोन पाख्या, उतार 30 अंश. पाखी उतारावर 5.2 मीटर भरते, दोन्हींचं मिळून 124.8 चौरस मीटर. दहाने भागलं तर 13 रोल. दहा टक्के चढवले तर 14. हे सोडा आणि पट्टे मोजा. वळचणीकडचा पहिला पट्टा 1 मीटर झाकतो, पुढचा प्रत्येक 0.9. पाच पट्ट्यांत 4.6 मीटरच होतात, म्हणून सहा लागतात, ते 5.5 पर्यंत जातात. वरचे 30 सेंटिमीटर कापून टाकू नका, आढ्यावरून पलीकडच्या पाखीवर दुमडा, तिथला वेगळा पट्टा वाचतो. बारा पट्टे, प्रत्येकी 12 मीटर, म्हणजे 144 मीटर, वर जोडांच्या लॅपचे दोनेक मीटर. 15 रोल. यात व्हॅली (दोन पाख्या खाली मिळतात ती खोबण) नाही, टाकीच्या पाइपाभोवतीची कापाकापी नाही.

चौदाच रोल पोचले तर ओरड होईल असं वाटतं ना? होत नाही, तीच तर गोम आहे. माल पुरवायला म्हणून 100 चा लॅप गुपचूप 60-70 वर येतो. वर कौलं बसली की कुणाला दिसतंय? दिसतं ते गगनबावड्याकडच्या पावसात, वारा पाणी उलटं वर ढकलतो तेव्हा. मेम्ब्रेनवर लॅपची रेघ छापलेली असेल तर अंथरताना ती झाकली जातेय का, एवढं उभं राहून बघाच.

दरातही हाच घोळ. आय.एस. 1200 (बांधकामाची मापं घेण्याचं भारतीय मानक) प्रमाणे छताच्या आच्छादनाचं माप पाखीवर सपाट धरतात, लॅप मोजत नाहीत. विकत घेता 150 चौरस मीटर, बिल होतं 124.8 चं. रोल समजा 1500 रुपयांना पडला, तर दहाने भागून दर 150 येतो, खरा पडतो 180. एवढ्याशा घरात पावणेचार हजारांचा खड्डा, तोही फक्त मालाचा. मेम्ब्रेन चिकटवायला लागणारे प्रायमर आणि गॅस, वर चढवायची हमाली वेगळी. शिवाय माल चौरस मीटरमध्ये आणि मजुरी चौरस फुटांत बोलतात, 10.764 ने गुणायचं विसरू नका. जीएसटी दरात धरलाय की वर, हे कोटेशनवर लिहून मागा.

घाबरण्यासारखं यात काही नाही. पट्टे मोजणं चहा गार व्हायच्या आत होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार एक्सेल शीटच्या मात्र नादी लागू नका, आत लॅप धरलाय की नाही हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. गुरू करायचाच तर मेम्ब्रेन अंथरणारा मिस्त्री करा. साहेबांपेक्षा तो कमी बोलतो, पण उरलेले तुकडे कुठले आणि का उरले हे बरोबर सांगतो.

आपल्याकडे एक रोल जास्तीचा मागवावा, या मताचा मी आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात कोल्हापूरला लागूनच्या शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली होता. अर्ध्या पट्ट्यासाठी छत उघडं ठेवून कोण थांबणार? वळिवाच्या आधी माल साइटवर हवा. न फोडलेला रोल परत घेणार का, ते ऑर्डर देतानाच ठरवून बिलावर लिहून घ्या. आणि रोल उभेच ठेवायला सांगा, आडवे रचले की उन्हात दबून चिकटतात आणि असा रोल दुकानदार परत घेत नाही.