ऑडिओसाठी वायरिंग बदलताय? आधी केबल टीव्हीची वायर उपसून बघा

ॲम्प्लिफायर चालू आहे, गाणं अजून लावलेलंही नाही, तरी स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा बारीक हुंकार येतोय. माझ्याकडे हे सुरू झालं तेव्हा मी थेट वायरमन बोलावला. डीबीपासून (घराच्या मुख्य वीज बोर्डापासून) हॉलपर्यंत 4 स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन, भिंतीला झिरी, घरभर धूळ, वर रंगाचा खर्च. हुंकार जागच्या जागी. आठवडाभराने साफसफाई करताना सेट-टॉप बॉक्सच्या पाठची केबल टीव्हीची वायर उपसली आणि आवाज गप्प झाला. ती महागडी लाइन आता मुख्यतः इस्त्रीच्या कामी येते.

झालं होतं इतकंच: केबलची बाहेरची जाळी बाहेर कुठेतरी अर्थ झालेली, ॲम्प थ्री-पिनमधून घराच्या अर्थिंगला. दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा फरक पडला की बॉक्स आणि ॲम्पला जोडणाऱ्या आरसीए (ऑडिओच्या) वायरच्या जाळीतून 50 हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. म्हणून खिशात हात घालण्याआधी ॲम्पच्या सगळ्या इनपुट वायर काढा. आवाज थांबला तर एकेक परत जोडत जा. लॅपटॉप जोडला की हुंकार येतो? चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. दोषी सापडला की, सिग्नल जाऊ देऊन हा फिरता प्रवाह तोडणारा, केबलसाठी आयसोलेटर किंवा आरसीएसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावता येतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेतली तरी पुष्कळदा काम भागतं.

आता सगळ्यात वाईट चूक. ॲम्पच्या टॉपमधली (थ्री-पिन प्लगमधली) अर्थची वायर तोडली की हुंकार जातो, हे खरं आहे, आणि म्हणूनच हा सल्ला पसरतो. पण उद्या आतमध्ये फेज बॉडीला लागला तर मेटलची ती पेटी 230 व्होल्टची होईल आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) हलणारही नाही. हुंकार सहन करा, पिन राहू द्या.

याच जातीची दुसरी युक्ती काही इलेक्ट्रिशियन करतात. बोर्डात अर्थ येत नसेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून मोकळे होतात. टेस्टिंगला 'अर्थ आहे' असं दिसतं. मागे कुठे न्यूट्रल तुटला की उपकरणाची बॉडी फेजवर जाते. आरसीसीबी (अर्थकडे वीज गळली की पडणारा स्विच) बसवलेला असेल तर तो उगाच पडूही शकतो. असा तुकडा सापडला तर काढायला लावा.

'ऑडिओसाठी वेगळा अर्थ पिट', म्हणजे जमिनीत अर्थिंगचा वेगळा खड्डा, हाही मोह असाच. समजा त्या पिटाचा रोध 10 ओहम आहे. फेज बॉडीला लागला तर 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपियर. 16 अँपियरचा एमसीबी त्यावर लगेच पडत नाही, मिनिटंच्या मिनिटं जाऊ शकतात. शिवाय दोन अर्थ म्हणजे नव्या हुंकाराला आमंत्रण. नवा पिट हवाच असेल तर तो घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेला हवा.

जाड वायरबद्दल थोडा हिशोब. डीबीपासून 15 मीटर, जाऊन-येऊन 30. तेवढ्या 2.5 स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध साधारण 0.22 ओहम. ॲम्प 2 अँपियर खेचत असेल तर वाटेत अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी व्होल्टेज घटतं. 230 मधून! त्यापेक्षा एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून, वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या. स्क्रू सैल, वायरचं इन्सुलेशन पिवळट-कडक, सॉकेटची पत्ती पसरलेली, प्लग एका बाजूला झुकलेला. टू-पिन प्लगसाठी वरच्या भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून शटर उघडणारी घरं मी कितीतरी पाहिली आहेत. तिथे खरखर आली तर नवल नाही. चांगलं आयएसआय मार्कचं सॉकेट आणि घट्ट स्क्रू, एवढ्याने ही खरखर बहुधा जाते.

परदेशातून 'हॉस्पिटल ग्रेड' (रुग्णालयांसाठी बनवलेली) सॉकेट मागवणारेही भेटतात. अमेरिकन घरगुती सॉकेट 125 व्होल्टची असतात, आपल्याकडे 230. बसवू नका, विषय संपला.

आवाज हुंकारासारखा नसून 'झर्रर' असा तीक्ष्ण असेल तर पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर बंद करून बघा. लाइट गेल्यावरच येत असेल तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लाटेची वीज देणारा) आहे. त्यावर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मरही गुरगुरतो. साइन वेव्हचा घ्या किंवा लाइट येईपर्यंत गाणी थांबवा.

टर्नटेबलवाल्यांनी (रेकॉर्ड प्लेयरवाल्यांनी) मात्र एवढं सगळं करण्याआधी पाठीमागे वाकून बघावं. तिथून येणारी ती एकटी बारीक वायर ॲम्पच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला लावायची असते. बहुतेक ठिकाणी ती टेबलामागे लोंबकळत असते.