मन्सी फोर-स्पीड गिअरबॉक्स कसा ओळखावा?

१९६० च्या दशकातली शेव्हेल, कमॅरो किंवा जीटीओ ही जनरल मोटर्सची गाडी विकायला निघालेला माणूस "हिच्यात रॉक क्रशर आहे" असे हमखास सांगतो, कारण त्या गाड्यांतल्या मन्सी या फोर-स्पीड गिअरबॉक्सच्या एम-२२ या प्रकाराला त्याच नावाने ओळखतात आणि त्यामुळे गाडीची किंमत वाढते. गिअरच्या दांड्यावरून मात्र काहीच ठरवू नये, कारण बाजारातला हर्स्ट शिफ्टर (हर्स्ट कंपनीचा गिअरचा दांडा) कोणत्याही गिअरबॉक्सवर बसतो.

गाडीखाली शिरून आधी डाव्या बाजूच्या झाकणाचे बोल्ट मोजावेत. नऊ असतील तर तो बोर्ग-वॉर्नरचा टी-१० असतो. सात असतील तर मन्सी किंवा सॅगिनॉ, म्हणजे जनरल मोटर्सचाच दुसरा गिअरबॉक्स. अशा वेळी लोहचुंबक लावून पाहावा, कारण सॅगिनॉची बॉडी बिडाची असते आणि तिचे तिन्ही लिव्हर झाकणावरच असतात, तर मन्सीची बॉडी ॲल्युमिनियमची असून रिव्हर्सचा लिव्हर झाकणावर नसून टेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या भागावर असतो.

आता प्रश्न उरतो तो मन्सीच्या तीन प्रकारांपैकी एम-२०, एम-२१ की एम-२२ हा. बॉडीवर ठोकलेला क्रमांक पी-९-बी-१४-बी असा असेल, तर पी म्हणजे इंडियानातला मन्सीचा कारखाना, पुढे १९६९ सालच्या फेब्रुवारीची १४ तारीख आणि शेवटचा बी म्हणजे एम-२१. ए असता तर एम-२०, सी असता तर एम-२२. पण पन्नास वर्षांत आतले गिअर कितीदा बदलले गेले, हे त्या क्रमांकाला ठाऊक नसते. म्हणून मी त्याला जन्मदाखल्याइतकेच महत्त्व देतो.

गिअरबॉक्स न उतरवता करता येणारी खात्रीची चाचणी अशी: बॅटरी सोडावी, स्पार्क प्लग काढावेत, मागची दोन्ही चाके स्टँडवर उचलावीत, हँडब्रेक सोडावा आणि पहिला गिअर टाकावा. प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर) खडूने खूण करून, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवावे. शाफ्टचे पाच फेरे पूर्ण होईपर्यंत इंजिनाचे साधारण १२.६ फेरे झाले, तर पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.५२, म्हणजे १९६६ पासूनचा एम-२०. बरोबर ११ झाले, तर २.२०, म्हणजे एम-२१ किंवा एम-२२.

या दोघांतला फरक गिअरबॉक्स उतरवल्यावरच नीट दिसतो. एम-२१ च्या इनपुट शाफ्टवर (इंजिनाकडून येणाऱ्या पुढच्या शाफ्टवर) एक गोल खाच असते, एम-२० वर दोन, एम-२२ वर एकही नाही. तरी जुन्या शाफ्टवरही खाचा नसू शकतात, म्हणून झाकण उघडून दात पाहावेत. एम-२२ चे दात बरेच कमी तिरपे, जवळजवळ सरळ वाटतात, आणि धावताना येणारी त्याची कर्कश घरघर त्यामुळेच असते.

गिअरबॉक्स हाती आलाच आहे, तर शाफ्टच्या टोकांवरच्या स्प्लाइन, म्हणजे लांबीला कोरलेले दातेही मोजून घ्यावेत. साधारण १९७० पर्यंत पुढच्या इनपुट शाफ्टवर १० आणि मागच्या आउटपुट शाफ्टवर २७ असत, १९७१ पासून २६ आणि ३२ झाल्या. ही गणना चुकली तर नवी क्लच प्लेट शाफ्टवर बसत नाही आणि प्रॉपेलर शाफ्टचा योकही (त्याला गिअरबॉक्सशी जोडणारा भाग) वेगळा घ्यावा लागतो.