स्टेज मॉनिटरचा व्हॉल्यूम कलाकाराच्या हाताशी कसा द्यावा

संगीत नाटक असो की ऑर्केस्ट्रा, मॉनिटरवरून (कलाकाराला ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरवरून) खुणवाखुणवी ठरलेली. गायक तळहात खाली-खाली करत राहतो आणि मंडपाच्या दुसऱ्या टोकाला मिक्सरवर बसलेल्या साउंडवाल्याला ते दिसेपर्यंत अंतरा संपलेला असतो. पॉवर्ड, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या मॉनिटरला स्वतःचा नॉब असतो खरा, पण तो पाठीमागे, प्रेक्षकांच्या बाजूला. गाता गाता तिथे कोण वाकणार? त्यापेक्षा मिक्सरकडून येणाऱ्या लाइनमध्येच एक छोटी डबी घाला. तिला वीज लागत नाही. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतात.

ही डबी आवाज फक्त कमी करते, वाढवत नाही. माझ्या मते तोच तिचा मोठा गुण आहे. वाढवण्याची सोय कलाकाराच्या हाती दिली की माईक-स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) आलीच.

मिक्सरकडून येणाऱ्या या बॅलन्स्ड लाइनमध्ये तीन तारा असतात. एक्सएलआरची (तिच्या टोकाच्या तीन पिनांच्या गोल जोडणीची) १ नंबरची पिन म्हणजे शील्ड, २ वर सिग्नल, ३ वर तोच सिग्नल उलटा. वाटेत शिरलेली घरघर २ आणि ३ वर सारखीच येते, आणि मॉनिटर त्या दोघींतला फरकच घेत असल्याने ती गळून पडते. मात्र त्यासाठी दोन्ही तारांना ग्राउंडच्या दृष्टीने सारखाच रोध दिसला पाहिजे. बरेच जण इथे जोड-पॉट (एकाच दांड्यावर फिरणारे दोन पॉट, म्हणजे नॉबने बदलणारे रोध) वापरतात, एक भाग २ ला आणि एक ३ ला. पण साध्या जोड-पॉटचे दोन भाग सगळ्या फिरकीभर एकसारखे चालत नाहीत. तोल गेला की घरघर परत.

म्हणून एकच पॉट घ्यायचा आणि तो ग्राउंडला न जोडता २ आणि ३ च्या मध्ये टाकायचा. सामान असं: १० किलोओहमचा लॉग पॉट (रोध सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढणारा), २.२ किलोओहमचे १ टक्का अचूकतेचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर (पट्टे: लाल, लाल, काळा, तपकिरी, तपकिरी), एक फिमेल आणि एक मेल एक्सएलआर सॉकेट, आणि धातूची डबी. चार-पाच रेझिस्टर जास्तीचे घेऊन मल्टिमीटरवर जुळणारी जोडी निवडा.

फिमेल सॉकेट म्हणजे इनपुट, मेल म्हणजे आउटपुट. दोन्हींच्या १ नंबरच्या पिना सरळ तारेने जोडा, डबीचा धातूही त्यालाच. इनपुटच्या २ पासून आउटपुटच्या २ पर्यंत एक रेझिस्टर, ३ ते ३ दुसरा. आता पॉटचा दांडा आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावा पाय आउटपुटच्या २ ला, मधला ३ ला, आणि उजवा मधल्यालाच जोडून टाका. ही शेवटची उडी अनेक जण गाळतात. पॉट जुना होऊन मधला संपर्क सुटला, तर उडी नसताना आवाज ठरवलेल्या मर्यादेच्या (ती कशी ठरवायची ते पुढे) वर जातो. उडी असेल तर तो मर्यादेवरच थांबतो.

काही न जोडता मल्टिमीटरने तपासा. २ ते २ आणि ३ ते ३ दोन्हीकडे २.२ किलोओहम, आउटपुटच्या २ आणि ३ मध्ये नॉब फिरवताना शून्यापासून १० पर्यंत, आणि १ शी त्यांचा काहीही संबंध नाही. नॉब उजवीकडे वळवल्यावर आकडा वाढायला हवा. लिनिअर (रोध एकसारखा वाढणारा) पॉट चुकून घेतला असेल तर सगळा फरक अगदी सुरुवातीच्या फिरकीत कोंबला जाईल.

कार्यक्रमाआधी डबी मॉनिटरजवळ ठेवा, पुढची केबल दोन-तीन मीटरच. नॉब पूर्ण उघडा. पूर्ण उघडूनही साधारण ४ डेसिबल कमी होतात, मॉनिटरचा इनपुट २० किलोओहमचा धरला तर. तेवढं मिक्सरच्या ऑक्समधून (मॉनिटरकडे जाणाऱ्या आवाजाच्या वेगळ्या नॉबवरून) भरून काढा. मग कलाकाराचे माईक चालू ठेवून ऑक्स हळूहळू वाढवा, शिट्टी फुटू लागली की थोडं मागे या. हीच कमाल मर्यादा. आता कलाकाराने नॉब कसाही फिरवला तरी मुख्य आवाजाला धक्का नाही. फक्त तबला जास्त वाटतोय अशी तक्रार असेल तर मात्र ते मिक्सरवरच होणार, नॉब सगळंच एकदम उतरवतो.

अ‍ॅम्प्लिफायरनंतरच्या स्पीकर लाइनमध्ये ही डबी कधीही घालू नका. तिथे कितीतरी वॉट ताकद वाहते, हे चिमुकले रेझिस्टर जळू शकतात. पॅसिव्ह (आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेला) मॉनिटर असेल तर डबी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी लावा. माईकच्या लाइनमध्येही नको, कारण काही माईकना केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा फॅन्टम पुरवठा या रेझिस्टरांमधून जाताना घटतो. आणि एका मॉनिटरवरून पुढचा मॉनिटर लिंक केला असेल, तर एकाच्या हातचा नॉब दुसऱ्याचाही आवाज उतरवेल. अशा वेळी मिक्सरपासूनच दोन लाइन वेगळ्या काढा आणि प्रत्येकीला तिची डबी द्या.