लग्नानंतर आडनाव बदलायचंय आणि फिरायलाही जायचंय? या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या भागात लग्नसराई सुरू होते, आणि मांडव परतणी आटोपली की नवी जोडपी तालुक्याच्या सेवा केंद्रात दिसू लागतात. नवरदेवाच्या मोबाइलवर मनाली नाहीतर गोव्याच्या पॅकेजचा फोटो, नवरीच्या हातात आधार, पॅन आणि टीसीच्या (शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या) झेरॉक्सची पिशवी. तिचं नाव बदलायचं आणि फिरायला जायचं तिकीट काढायचं, ही दोन्ही कामं त्यांना त्याच दिवशी उरकायची असतात. नेमकं इथंच घोटाळा होतो. एक कागद नव्या नावाचा, दुसरा जुन्या नावाचा, आणि हे कळतं ते थेट विमानतळाच्या दाराशी.

नियम सोपा आहे. प्रवासाच्या दिवशी जे मूळ ओळखपत्र तुमच्या हातात असेल, त्यावर जे नाव छापलेलं आहे तेच नाव तिकिटावर हवं. लग्न झालं की नाही, पत्रिकेत काय छापलं, घरात काय हाक मारतात, याच्याशी तिकिटाचा काही संबंध नाही.

तिकीट सासरच्या नावाने काढणं

"तिकिटावर नाव कोणतं टाकू?" असं विचारलं की नवरीच्या आधी सासरेबुवा बोलतात, "आता सून आमची हाय, त आमचंच आडनाव लागन ना ताई." मायेनेच बोलतात ते. पण आधारवर 'वैशाली सुरेश इंगळे' आणि तिकिटावर 'वैशाली प्रफुल्ल वानखडे' असेल, तर दारावरच्या जवानाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया आहेत. आपल्याकडे फक्त आडनाव बदलत नाही, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. तिनापैकी दोन शब्द वेगळे झाले की "लग्न झालंय हो साहेब" म्हणून भागत नाही.

दुसरी गोष्ट तांदळात लिहिलेल्या नावाची. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. रीत छान आहे, घरात त्या नावाने खुशाल हाक मारा. पण त्या नावाचा एकही सरकारी कागद नसतो, आणि तरी कधीकधी नवरदेव हौसेने तेच नाव तिकिटावर टाकून मोकळा होतो. असं तिकीट कोणत्याच ओळखपत्राशी जुळत नाही. 'पिंकी', 'राणी' या घरच्या नावांचंही तेच.

रेल्वेत थोडी सवलत आहे, विमानात नाही

रेल्वेच्या एका तिकिटावर दोघांची नावं असतील, तर दोघांपैकी एकाने मूळ ओळखपत्र दाखवलं तरी चालतं. म्हणून बडनेऱ्याहून किंवा सेवाग्रामहून गाडीत बसणाऱ्या जोडप्याला सहसा अडचण येत नाही, नवऱ्याच्या आधारवर काम निभतं. तरीही तिचं नाव बरोबरच टाका. ऐनवेळी एकटीलाच परतावं लागलं तर त्याच तिकिटावर तिला स्वतःचं ओळखपत्र दाखवावं लागेल.

शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुटतं. लग्नसराईत जागा मिळवायची तर तिकीट लग्नाच्या आधीच काढावं लागतं, म्हणजे नवरीचे सगळे कागद माहेरच्याच नावाचे असतात. मग त्याच नावाने काढा, काही बिघडत नाही.

विमानाचं तसं नाही. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर आत शिरतानाच तिकीट आणि ओळखपत्र शेजारी धरून बघतात, आणि प्रत्येक माणसाचं वेगळं बघतात. नवऱ्याच्या ओळखपत्रावर बायको आत जाऊ शकत नाही. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी जोडपी आता आणखी वाढली आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

तिकीट काढून झाल्यावर आधार बदलायला टाकणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. तिकीट माहेरच्या नावाने अगदी बरोबर काढलेलं असतं. मधे आठ-दहा दिवस मोकळे मिळतात, कोणीतरी म्हणतं, "काहून थांबता? आजच टाकून द्या आधारले." आणि जाण्याच्या आदल्या दिवशी आधारवर नवं नाव येऊन बसतं. बरोबर असलेलं तिकीट आपणच चुकीचं करून ठेवतो.

आधारची दुरुस्ती कधी चार दिवसांत होते, कधी महिनाभर चालते. ती कोणत्या दिवशी होईल हे केंद्रवाल्याच्या हातात नसतं. म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे: आधी फिरून या, मग नाव बदला. नाव बदलायला कायद्याने कोणतीही मुदत घातलेली नाही. लग्नानंतर दोन महिन्यांनी बदला, दोन वर्षांनी बदला.

आधार बदलूनच गेलं असेल तर घाबरू नका. मतदान कार्ड, पॅन किंवा वाहन परवाना यांपैकी फोटो असलेलं एखादं मूळ ओळखपत्र अजून जुन्या नावाचं असेल, तर देशातल्या विमानप्रवासाला आणि रेल्वेला ते चालतं. ते सोबत घ्या आणि तेच दाखवा. दोन वेगळ्या नावांची दोन कार्डं एकदम पुढे करू नका, विनाकारण प्रश्न वाढतात.

तिकिटावर नाव चुकलंच, तर

घरी बसून काळजी करत बसू नका आणि "तिथं गेल्यावर पाहू" असंही म्हणू नका. काउंटरवर गेल्यावर हातात वेळ नसतो.

विमानाचं तिकीट कंपनीच्या वेबसाइटवरून काढलं असेल, तर २४ तासांच्या आत चूक कळवली की त्याच प्रवाशाच्या नावातली चूक बिनपैशाने दुरुस्त करता येते. त्यानंतर कंपनीचे नियम लागतात. एखाद-दुसरं अक्षर चुकलं असेल तर बहुतेक वेळा दुरुस्त करून देतात. आडनावच वेगळं असेल तर लग्नाचा दाखला आणि आधार पाठवून विचारा. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर कंपनी तुम्हाला परत एजंटकडेच पाठवते, त्यामुळे पहिला फोन त्यालाच करा. विमानाचं तिकीट एका माणसाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होत नाही, म्हणून "ही तीच व्यक्ती आहे, लग्नानंतर नाव बदललंय" हे कागदानिशी मांडावं लागतं. तेही नाही जमलं तर रद्द करून नवं काढायचं. ते जितकं लवकर कराल तितका पैसा वाचेल.

रेल्वेत कन्फर्म तिकिटावरचं नाव बदलायला गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागतो. ही सोय आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं अशा घरच्यांपुरती आहे आणि एका तिकिटावर एकदाच मिळते. ऑनलाइन तिकीट असेल तर त्याची प्रिंट आणि ओळखपत्र घेऊन जा.

ताडोबाचं विसरू नका. बरीच जोडपी आता लांब न जाता चिखलदरा आणि ताडोबा करतात. सफारीच्या बुकिंगला प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक टाकावा लागतो, आणि मोहर्ली असो की कोलारा, गेटवर तेच मूळ ओळखपत्र मागतात. मतदान कार्डाचा क्रमांक टाकून आधार घेऊन जाऊ नका.

हॉटेलात दोघांच्या ओळखपत्रांवर दोन आडनावं दिसली म्हणून खोली नाकारायला कायद्याचा आधार नाही. तरी कोणी कटकट केलीच, तर मोबाइलमध्ये पत्रिकेचा आणि लग्नाचा एकेक फोटो असू द्या.

ओटीपी माहेरी, नवरी मनालीत

खेड्यातल्या बहुतेक मुलींच्या आधारला वडिलांचा नाहीतर भावाचा मोबाइल जोडलेला असतो. कार्ड हरवलं आणि डिजिलॉकर (मोबाइलवरचं सरकारी कागदांचं ॲप) उघडायचं म्हटलं, तर ओटीपी जातो भावाच्या फोनवर, आणि भाऊ वावरात कापूस मोजत असतो. ही एक दुरुस्ती मात्र जाण्याआधी जरूर करा. आधारला नवरीचा स्वतःचा नंबर जोडा, नवऱ्याचा नको. मोबाइल बदलल्याने नावाला धक्का लागत नाही. डिजिलॉकर तिच्याच फोनमध्ये सुरू करून द्या, रेल्वेत आणि विमानतळावर त्यातलं आधार चालतं.

परदेशी जायचं असेल तर

लग्न झालं म्हणून माहेरच्या नावाचा पासपोर्ट रद्द होत नाही. मुदत संपेपर्यंत तो पूर्ण चालतो. प्रवासानंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक आहे का, एवढं पाहा.

पासपोर्टवर आडनाव बदलणं म्हणजे जुन्या पुस्तिकेत खाडाखोड नव्हे, नवी पुस्तिका मिळते आणि तिचा क्रमांकही नवा असतो. ३६ पानांच्या पुस्तिकेचे १,५०० रुपये, तत्काळ हवी असेल तर वर आणखी २,०००. पैशापेक्षा मोठी अडचण अशी की, जुन्या नावावर आणि जुन्या क्रमांकावर काढलेलं तिकीट आणि व्हिसा या नव्या पुस्तिकेशी जुळत नाहीत. म्हणून एक तर सगळं जुन्या पासपोर्टवर करा, नाहीतर नवा पासपोर्ट हातात आल्यावरच तिकिटाला हात लावा. अर्धं इकडे, अर्धं तिकडे करू नका. तिकीट भरताना पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात जे आहे ते तसंच उतरवा. आपल्याकडे त्यात बहुतेक वेळा वडिलांचं नावही असतं.

नेपाळ आणि भूतानला पासपोर्ट लागत नाही हे खरं, पण त्याचा अर्थ आधार चालतं असा नाही. तरुण जोडप्याला तिथे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड, दोन्हींपैकी एक लागतं. १८ पूर्ण होऊनही मतदान कार्डच काढलं नाही अशा मुली आमच्याकडे खूप आहेत. काठमांडूचं पॅकेज घेण्याआधी ते पाहा.

फिरून आल्यावर, नाव बदलायचं असेल तर

बदलायचं असेल तर, असं मुद्दाम लिहितेय. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा भारतात नाही. बदलायचं की नाही हे नवरीला विचारा, तिच्या वतीने ठरवू नका. बारा-पंधरा वर्षांच्या शिक्षणाचे कागद तिच्या नावावर आहेत.

बदलायचं ठरलं, तर पहिला कागद लग्नाचा दाखला. गावात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, हाच विवाह निबंधक असतो. लग्न झाल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंद करा, उशीर झाला तर जादा शुल्क लागतं. तीन साक्षीदार, पत्रिका, लग्नाचा फोटो आणि दोघांचे वयाचे, रहिवासाचे पुरावे तयार ठेवा. पत्रिकेत 'चि. सौ. कां. राणी' आणि टीसीवर 'वैशाली' असेल तर नोंदणीला अडचण येते, म्हणून पत्रिका छापतानाच आधारवरचं नाव द्या.

दाखला हातात घेण्याआधी इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर लावून वाचा. 'वानखडे' कोणी ए घालून लिहितं, कोणी ई घालून. 'इंगळे'मध्ये जी नंतर लगेच एल येतो की मधे एक ए असतो, 'ठाकरे'मध्ये मधला ए आहे की नाही, यावरून पुढचे सगळे कागद अडतात. नवऱ्याच्या आधारवर आणि पॅनवर जे स्पेलिंग आहे तेच बायकोचं असावं. नवऱ्याच्याच दोन कागदांवर दोन स्पेलिंगं असली, तर आधी त्याची दुरुस्ती करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पहिली संधी चुकीच्या स्पेलिंगवर घालवली की एकच उरते. आणि पहिलं नावही बदलायचं असेल तर नुसता लग्नाचा दाखला पुरत नाही, राजपत्रात नाव छापून आणावं लागतं.

दाखल्यानंतर आधार, मग पॅन, मग बँक. पॅनचा क्रमांक तोच राहतो, फक्त नावाची दुरुस्ती करायची. नवं पॅन काढायला जाऊ नका, दोन पॅन बाळगले तर १०,००० रुपयांचा दंड होऊ शकतो. पॅनवर वडिलांचं नाव असतं, ते लग्नानंतरही वडिलांचंच राहतं. तिथे नवऱ्याचं नाव टाकलेले अर्ज परत येतात.

दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि जातीचा दाखला माहेरच्याच नावाने राहू द्या. जात जन्माने ठरते, तिचा पुरावा वडिलांकडूनच येतो, तो सासरच्या आडनावाने नव्याने काढायच्या भानगडीत पडू नका. पुढे जिल्हा परिषदेची किंवा आणखी कुठली भरती निघाली, तर हे जुने कागद आणि लग्नाचा दाखला सोबत जोडावे लागतात. म्हणून दाखल्याच्या दोन-तीन प्रती जास्तीच्या घेऊन ठेवा, आणि मूळ प्रत तिच्याच पिशवीत राहू द्या.